अभ्यासिकेचा पासवर्ड

त्या दुष्काळाच्या वर्षांत आमच्या शहरात दोन गोष्टी कुठेही भेटायच्या, टँकर आणि व्हायरस. टँकर निदान हॉर्न वाजवत यायचा. व्हायरस कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून गुपचूप यायचा आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवायचा. नाव तेच, चित्र जवळजवळ तेच, पण उघडायला जावं तर आत काहीच नाही. लोक घाबरून माझ्याकडे यायचे. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करत होते, त्यामुळे नात्यातल्या, गल्लीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या सगळ्या आजारी यंत्रांची मी फुकटची डॉक्टरीण होते. चहासुद्धा बहुतेक वेळा मीच पाजायचे.

उस्मानपुऱ्यात आमच्या विहाराला लागून एक खोली आहे, तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, शाळामास्तरकीतून रिटायर झाल्यावर ती सुरू केली. लांब टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि एक पंखा, जो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करायचा. खोलीच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. कडीसुद्धा कुत्री आत शिरू नयेत म्हणून. अधूनमधून एखादं जाडजूड पुस्तक गायब व्हायचं आणि विहाराच्या कमिटीतले लोक दादांवर तोंडसुख घ्यायचे. दादा म्हणायचे, "गेलं तर गेलं. नेणारा वाचीलच की. रद्दीत घालायला कोण एवढं ओझं वाहून नेईल?"

मला हा त्यांचा हट्ट वाटायचा. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुलपाचं काय एवढं वावडं, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात दादांना कारण विचारायची पद्धत नव्हती आणि त्यांना ते सांगायची सवय नव्हती.

कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढायला घेतले तेव्हा साहेबांच्या मागे लागून मी तीन अभ्यासिकेत आणले. रविवारभर बसून साफ केले. दोनांवर मी विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि तिसऱ्यावर नाइलाजानं विंडोज ठेवलं, कारण मराठी टायपिंगचा जुना फॉन्ट फक्त विंडोजवर चालायचा आणि टायपिंगच्या परीक्षेला बसणारी पोरं त्याशिवाय ऐकेनात. दादांनी विचारलं, "दोन येगळे आन एक येगळा, आसं कामून?" मी त्यांना समजावलं. विंडोजवर आपल्याकडे जो बसतो तो घराचा मालक असतो. त्यानं नकळत एखाद्या फाइलवर बोट दाबलं तरी कॉम्प्युटर समजतो की मालकाचा हुकूम आहे, आणि भिंत पाडायला घेतो. लिनक्सवर बसणारा भाडेकरू असतो. त्यानं आपल्या खोलीत काय वाटेल ते करावं, पण भिंतीला खिळा ठोकायचा असेल तर तो आधी विचारतो, परवानगी आहे का.

"मंजे लिनक्स चांगलं," दादा म्हणाले.

मी खरं तेच सांगितलं. लिनक्स काही सोवळ्यातलं नव्हतं. ते वापरणारे मूठभर, म्हणून त्याच्यासाठी व्हायरस लिहायच्या भानगडीत फार कुणी पडायचं नाही. आणि विंडोजचा जेवढा दोष तेवढाच आपला. शहरातल्या निम्म्या यंत्रांवर रस्त्यावर मिळणाऱ्या सीडीतलं चोरटं विंडोज होतं. ते पकडलं जाईल म्हणून लोक अपडेट बंद ठेवायचे, आणि मग अँटिव्हायरसची चौकट लाल झाली की मला फोन करायचे. वेगळे यूझर करा, पासवर्ड लावा, मालक होऊन रोज बसू नका, एवढं केलं तरी विंडोजसुद्धा पुष्कळ शहाण्यासारखं वागायचं. पण पासवर्डचं नाव काढलं की दादांचा चेहरा बदलला. "आपल्या खोलीत तसलं काय लावायचं नाय," म्हणाले. विषय संपला.

लिनक्सच्या दोन यंत्रांकडे कुणी फिरकलं नाही. त्यात पत्त्यांचा खेळ नेहमीच्या जागी नव्हता, हे एक कारण. सगळी गर्दी तिसऱ्या कॉम्प्युटरवर.

त्याच तिसऱ्या कॉम्प्युटरवर करमाडची एक मुलगी तिचा एम.फिल.चा प्रबंध लिहायची. जालना रोडवरून वडापच्या जीपमधून यायची, दुपारी विद्यापीठात, नंतर आमच्याकडे. शहर तेव्हा करमाडच्या दिशेनं धावत सुटलं होतं. शेतांत प्लॉटचे दगड रोवले जात होते आणि त्या घरांसाठी लागणाऱ्या विटा भाजायला दुष्काळानं बाहेर काढलेल्या बाया भट्ट्यांवर राबत होत्या. त्या बायांवर तिचा प्रबंध होता. प्यायला पाणी नसताना विटेला पाणी कसं मिळतं, हा तिचा पहिलाच प्रश्न. मला तो वाचूनच ती आवडली. चितेगावकडच्या एका कॉलेजनं तिला सांगून ठेवलं होतं, प्रबंध जमा केल्याची पावती आणा, जूनपासून शिकवायला या. तिच्या घरात तोवर पगाराची नोकरी कुणी केली नव्हती. ती पावती वेळेत मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही, हे अभ्यासिकेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती आली की पत्त्यांचा डाव अर्धा सोडून पोरं खुर्ची रिकामी करायची.

एक दिवस मी कंपनीतून आले तर ती पायरीवर बसलेली. रडत नव्हती. पेन ड्राइव्ह मुठीत धरून नुसती बसली होती.

घडलं होतं ते असं. सकाळी कुणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह लावला आणि तिसऱ्या कॉम्प्युटरवर शॉर्टकटांचं पीक आलं. कमिटीच्या सेक्रेटरींनी, आपण मोठं कामच करतोय असं समजून, मला न विचारता दुकानातला मेकॅनिक बोलावला. आमच्याकडच्या मेकॅनिकांना प्रत्येक रोगावर एकच औषध माहीत, फॉरमॅट मारा. त्यानं मारलं. प्रबंध डेस्कटॉपवर होता. डेस्कटॉपवरची फाइल फॉरमॅटमध्ये जाते हे त्याला माहीत असणार, पण त्यानं विचारलं नाही आणि सेक्रेटरींना विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. त्यावर नवं विंडोज चढलं, वर गाण्यांचा एक मोठा फोल्डरही त्यानं भेट म्हणून टाकला. मी माझ्याजवळची सगळी हत्यारं वापरून पाहिली. जे हाताला लागलं ते तुकडे होते, कुठं अर्धं पान, कुठं नुसत्या खुणा. मला एवढा राग आला की सेक्रेटरींच्या घरावरून जाताना मी मान वळवून चालले.

मग मी तिच्या पेन ड्राइव्हकडे वळले. तिच्या मते तोही गेला होता, कारण त्यात नुसते शॉर्टकट दिसत होते. मी तो लिनक्सच्या यंत्राला लावला. हा व्हायरस खरी फोल्डरं खात नाही, लपवतो, आणि ते लपवणं विंडोजपुरतंच असतं. पडद्यावर शॉर्टकटांच्या शेजारी तिची सगळी फोल्डरं जशीच्या तशी उभी राहिली. दादा मागे उभे होते. "आरं, हे तर हितंच व्हतं!" ते एवढ्या जोरात म्हणाले की वाचणारी पोरं उठून आली. शेवटची दोन प्रकरणं तेवढी त्यात नव्हती, ती कॉपी करायची राहून गेली होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "दोन लिहीन, ताई. बायांचं बोलणं मोबाइलात हाय." आणि तिनं ती लिहिलीसुद्धा.

पण व्हायरसपेक्षा त्याची धास्ती जास्त पसरते. शहरातच तेव्हा कुलपांचे दिवस आले होते. आमच्या गल्लीत पाण्याच्या ड्रमांना साखळ्या लागल्या, गच्चीवरच्या टाक्यांच्या झाकणांना कुलपं लागली. नव्या सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन आले आणि भावाकडे जायचं तरी नाव सांगावं लागायला लागलं. जिथं पाण्याला कुलूप तिथं कॉम्प्युटरला का नको, असं कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मीच उभी राहून बोलले की पासवर्ड असता तर हे झालं नसतं. दादा एकटे पडले. ते कोपऱ्यात बसून होते, हात गुडघ्यांवर. शेवटी म्हणाले, "पोरीचं नुसकान झालंय. तिच्यासाठी लावायचं म्हणता तर लावा."

मी ते माझ्या पद्धतीनं केलं. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं वेगळं नाव, त्याचा वेगळा पासवर्ड. आपापली खोली, आपापली किल्ली. यंत्र बदलायचा अधिकार वेगळा, तो रोजच्या वापरात कुणालाच नाही. प्रत्येकाला शेजारी बसवून त्याचा पासवर्ड त्यालाच ठरवायला लावला. एका पोरीनं तर पहिल्यांदा स्वतःचं नाव पडद्यावर उमटलेलं पाहून मोबाइलमध्ये फोटो काढला. मला वाटलं, दादांनाही हे चालेल. त्यांना खरोखर चाललं. त्यांनी स्वतःसाठीही एक नाव करून घेतलं आणि त्यावर पेपर वाचू लागले.

सेक्रेटरींना मात्र ते पटलं नाही. सरकारी कचेरीत नोकरी झालेला माणूस, त्यांच्या हिशेबात कपाट एक तर किल्ली एक, आणि ती जबाबदार माणसाच्या खिशात. "एका यंत्राला एवढ्या किल्ल्या कशाला? उद्या काय झालं तर जबाब कोण देणार?" असं म्हणत त्यांनी मी कंपनीच्या कामात अडकलेली असताना त्याच मेकॅनिकला पुन्हा बोलावलं, सगळ्यांची नावं काढून टाकली आणि एकच ठेवलं. पासवर्ड त्यांचा. मुलीचा प्रबंध तेवढा त्यांनी आठवणीनं वाचवून ठेवायला लावला, हे कबूल करायला हवं. शिवाय पेन ड्राइव्हच्या भोकांवर त्यांनी सेलोटेप चिकटवला आणि त्यावर पेनानं लिहिलं, 'बंद'.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. सेक्रेटरी सकाळी यायचे, "तोंडं तिकडं करा," म्हणायचे आणि डाव्या हाताचा आडोसा करून उजव्या हाताच्या एका बोटानं पासवर्ड टाइप करायचे. पोरं भिंतीकडे तोंड करून हसायची. संध्याकाळी येऊन ते बंद करून जायचे. मी त्यांच्याशी दोनदा भांडले. पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे, काका, तो वाटला तर संपत नाही, प्रत्येकाचा वेगळा असला की कुणी काय केलं ते कळतं, एकच असला की काहीच कळत नाही. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझं शिक्षण जादा हाय, पर जबाबदारी माझ्यावर हाय." अशा माणसाशी भांडण पुढं सरकत नाही. मुलगी मात्र नियम पाळायची. सेलोटेपला तिनं कधी नख लावलं नाही. एकदा तिच्या हातून प्रबंध जाता जाता वाचला होता, आता पेन ड्राइव्हची तिला भीतीच बसली होती.

प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक बाईंनी शेवटच्या दुरुस्त्या दिल्या. तिनं अभ्यासिकेत बसून त्या केल्या. सेक्रेटरी येऊन उभे राहिले तेव्हा तिनं फाइल सेव्ह केली आणि उठली. सकाळी फक्त सेक्रेटरींना सेलोटेप काढायला सांगून कॉपी करायची, विद्यापीठाच्या गेटसमोरच्या दुकानात प्रिंट काढायची, बांधून घ्यायची आणि विद्यापीठाची खिडकी बंद व्हायच्या आत जमा करायची, एवढंच उरलं होतं.

सकाळी सेक्रेटरी आले नाहीत. पैठणकडच्या एका खेड्यात त्यांच्या मेव्हण्याच्या घरचं लग्न होतं, ते पहाटेच गेले होते. जाताना दार बघून गेले, कडी नीट लागलीय ना म्हणून. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. फोन लावला की बाई सांगायची, ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. माझ्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावे लागायचे, त्यामुळे दादांचे फोन एका लाकडी खणात वाजत राहिले आणि मला शिफ्ट सुटेपर्यंत काही कळलं नाही. गेटवर फोन हातात घेतला आणि मी मिळेल त्या रिक्षानं निघाले. वाटेत टँकरांची रांग. मी रिक्षावाल्यावर ओरडले, तो टँकरवाल्यावर ओरडला, कुणी हललं नाही.

अभ्यासिकेत शिरले तर ती तिसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट आणि त्यात लुकलुकणारी एक उभी रेघ. शेजारच्या खुर्चीवर दादा. दोघं सकाळपासून तसेच होते. दादांनी तिच्यासाठी घरून भाकरी आणली होती, ती तशीच होती.

पर्समध्ये मी नेहमी एक लिनक्सची सीडी ठेवायचे. ती घातली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. यंत्र सीडीवरूनच उठलं, विंडोज जागंच झालं नाही, त्यामुळे त्यानं पासवर्ड विचारलाच नाही. सेक्रेटरींच्या नावाच्या फोल्डरमध्ये गेले, त्यात तिचं फोल्डर होतं. सेलोटेप ओढून काढला, पेन ड्राइव्ह लावला, फाइल कॉपी केली. एवढ्या वेळात चहासुद्धा उकळला नसता. तिनं पेन ड्राइव्ह हातात घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. खिडकी कधीच बंद झाली होती.

"थँक्यू, ताई," ती म्हणाली. हसली पण. ते हसू मला आजही नकोसं वाटतं. "तुम्हाला तरास झाला." मग दादांच्या पाया पडून ती जालना रोडच्या जीपसाठी निघून गेली. विद्यापीठानं पुढच्या खेपेला तिचा प्रबंध घेतला, पण तोवर चितेगावच्या कॉलेजनं दुसऱ्या कुणाला ठेवून घेतलं होतं. नंतर काही दिवस ती यायची, मग येईनाशी झाली.

ती गेल्यावर मी सीडी बाहेर काढली. दादा माझ्या हाताकडे बघत होते.

"तुला पासवर्ड ठाऊक व्हता?"

"नाय."

"मग कसं उघडलं?"

मी सांगितलं की यंत्र ज्याच्या हातात आहे आणि ज्याला थोडंफार येतं, त्याला हा पासवर्ड आडवा येत नाही. तो बाजूनं जातो. विंडोज असो, लिनक्स असो, उघड्या खोलीतल्या यंत्राचं तेच.

"मंजे चोर आला आस्ता तर त्याला आडवलं नस्तं?"

"नाय, दादा."

"आन व्हायरसला?"

"एकाच पासवर्डनं सगळे बसल्यावर त्यालाही नाय."

त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं, आता सेक्रेटरींवर भडकतील. मी तयारीत होते, माझ्याकडे शिव्यांचा साठा होता. पण त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"माझी आय विहिरीच्या कडंला आशीच बसायची," ते म्हणाले. "घागर पुढं ठिवून. त्यांच्यातलं कुणी येईल, वरून वतील, मंग पाणी घिऊन घरी. कधी दिसभर कुणी यायचं नाय. मी तिच्या बाजूला बसायचो. त्या विहिरीला कुलूप नव्हतं, पोरी. आमी शिवलो आस्तो तर पाणी निघालं आस्तं. पर बसून ऱ्हायचो."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, रागानं नाही.

"आज मी पुन्यांदा दिसभर तसाच बसलो," ते म्हणाले. "त्या पोरीच्या बाजूला. तिथं वतणारे दुसरे व्हते. हितं तर आपलेच हायेत."